कॅमेऱ्याखालची पाटी

पुण्यात पाटी मनापासून लिहिली जाते. बेल एकदाच वाजवावी, दार उघडेपर्यंत थांबावं. फाटकासमोर गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल. पेठांमधल्या या पाट्यांची थट्टा पुष्कळ झाली आहे, पण त्यांचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. लिहिणारा कोण, त्याला काय हवं आहे आणि न ऐकल्यास काय होईल, हे तिन्ही त्यात कळतं. त्याच शहरात आता सगळ्यात जास्त दिसणारी पाटी मात्र मुकी आहे: 'आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात.' या वाक्यात पाहिला जाणारा माणूस आहे, पाहणारा नाही. कोण बघतंय, कशासाठी, किती दिवस ठेवणार, काही विचारायचं झालं तर कुणाचं दार वाजवायचं, यातलं काहीच त्यात लिहिलेलं नसतं. पाळतीच्या तंत्रज्ञानाबद्दलची माझी सगळी काळजी त्या गाळलेल्या कर्त्यापाशी येऊन थांबते.

कॅमेरे उगाच आलेले नाहीत. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक स्फोट झाले. त्या भीतीनंतर चौकाचौकात कॅमेरे हवेत ही मागणी स्वाभाविक होती आणि तिला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. चौकातल्या पोलिसी कॅमेऱ्यांपाठोपाठ दुकानं, वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती, सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिका आणि मुलींची वसतिगृहं, कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या सोसायट्या यांनी आपापले कॅमेरे बसवले. तपकीर गल्लीतून आठ कॅमेरे, रेकॉर्डर आणि केबलचं भेंडोळं आणलं की छोट्या इमारतीचं काम एका दिवसात उरकतं. आणि सगळं बिघडतं ते याच दिवशी, कारण बसवणारा फक्त एवढंच विचारतो की कॅमेरा कुठे ठोकू.

कॅमेऱ्याला नेमकं किती दिसतं, इथून सुरुवात करावी लागते. या क्षेत्रात एका मीटर रुंदीत चित्राचे किती बिंदू पडतात यावर सगळं मोजतात. माणूस आहे एवढं कळायला मीटरला साधारण २५ बिंदू पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख खात्रीने पटवायची तर २५० हवेत. सर्वसाधारण दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १,९२० बिंदू रुंद असतं. म्हणजे खात्रीची ओळख हवी असेल तर चित्रात पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी मावता कामा नये. सोसायट्यांमध्ये सर्रास बसते ती २.८ मिलिमीटरची भिंग, कारण तिच्यात 'सगळं येतं'. तिचा कोन शंभर अंशांच्या आसपास असल्यामुळे ही मर्यादा तीन-सव्वातीन मीटरवरच संपते. पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, वीस मीटरवर उभा असलेला माणूस तिच्यात दिसतो, पण त्याचा चेहरा बोटभर धूसर डाग असतो. सहा मिलिमीटरची भिंग तीच ओळख सात-आठ मीटरपर्यंत नेते, फक्त बाजूचं बरंच काही सोडून देते.

त्यात आणखी भर पडते. कॅमेरा बारा फुटांवर ठोकला की हेल्मेट आणि टकलं तेवढी नीट दिसतात; चेहऱ्यासाठी सात-आठ फूट उंची बरी. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फाटकावर संध्याकाळी उन्हासमोर प्रत्येक माणूस काळी आकृती होतो. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोरच्या जाळ्यावर तो उजेड आपटून सगळं चित्र पांढरं पडतं. पावसाळ्यात केबलच्या उघड्या जोडात पाणी शिरतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि कॅमेरे रेकॉर्डरशी जोडणाऱ्या स्विचला यूपीएस नसला, तर तेवढे तास नोंदच नसते.

ही यादी तंत्रज्ञाची वाटेल, पण माझ्या मते नीतीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. तिसऱ्या मजल्यावरून दागिना जातो, जिन्यातल्या कॅमेऱ्यात निळसर साडीतली आकृती दिसते, आणि मॅनेजिंग कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, 'ही तर आपल्या अमुक मावशीच.' चित्रात मीटरला चाळीस बिंदूही नसतात. ओळख चित्रातून झालेली नसते, आधीच मनात असलेल्या संशयातून झालेली असते आणि कॅमेरा तिला फक्त पुराव्याचा पोशाख चढवतो. कॅमेरा नसता तर निदान 'मला वाटतं' असं म्हणावं लागलं असतं. आता 'फूटेजमध्ये दिसतंय' म्हटलं की समोरची बाई काय बोलणार? ते फूटेज तिला दाखवतही नाहीत.

१९८० साली याच शहरात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगार, रजा, माणुसकीची वागणूक अशा मागण्या होत्या. त्या बायकांच्या मुली-सुना आज ज्या फाटकांतून आत जातात, तिथे वॉचमनच्या हातातल्या फोनवर त्यांचा फोटो, नंबर, त्या कोणकोणत्या घरी काम करतात, किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, हे सगळं आहे. काही ठिकाणी घरमालकांनी तिच्या कामाला दिलेले 'स्टार', म्हणजे गुणही आहेत. त्या बाईने आपली ही नोंद स्वतः पाहावी, चुकीचं असेल ते खोडावं, अशी सोय बहुधा नसते. उलट फ्लॅटमालक किती वाजता घरी आला याची नोंद ठेवायचं कुणी सुचवलं तर वार्षिक सभेत केवढा गदारोळ होईल! नागपूर आणि चंडीगडमध्ये महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे हे त्यातून कळतं. त्याला हातमोजे मिळाले का, हे त्या घड्याळातून कळत नाही. नजर ज्या बाजूला वळवली जाते ती बाजू कुणीतरी ठरवलेली असते.

आता दिवसांचा हिशोब. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा, चित्रण दाबून साठवायची नवी एच.२६५ पद्धत, सेकंदाला दोन मेगाबिट. तासाला ९०० मेगाबाइट, दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. सोळा कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे ३४६ गिगाबाइट. चार टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि रेकॉर्डर जुनं पुसून नवं लिहू लागतो. जुन्या एच.२६४ वर, दुप्पट वेगाने, हीच डिस्क सहा दिवसही पुरत नाही. महिनाभराची नोंद हवी तर पहिल्या हिशोबाने साडेदहा टेराबाइट लागतात. मे महिन्यात पंधरा दिवस कोकणात जाऊन परत आलेल्या कुटुंबाला चोरीचं फूटेज का मिळत नाही, याचं कारण एवढंच आहे. आणि त्याचं खापर बिचाऱ्या वॉचमनवर फुटतं.

मग मोठी डिस्क घ्यावी का? इथे मी सांभाळून बोलतो. तीस दिवस पुरेसे वाटतात, त्याहून जास्त ठेवायला लेखी कारण हवं. सहा महिन्यांची नोंद हाताशी असली की ती चोरासाठी उघडली जात नाही. कुणाची मुलगी रात्री कुणाच्या गाडीवरून उतरली, भाडेकरूकडे कोण मुक्कामाला राहिलं, यासाठी उघडली जाते. खरोखर घटना घडली तर तेवढाच तुकडा लगेच वेगळा काढून ठेवावा. तो काढताना रेकॉर्डरचं घड्याळ आणि खरी वेळ यात किती फरक आहे ते कागदावर लिहावं (आतली बटणाएवढी बॅटरी संपली की घड्याळ खुशाल मागे पडतं), फाइलचा हॅश (फाइलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा संगणकी ठसा) काढून नोंदवावा, आणि कोणी, कधी, कुणाला प्रत दिली यावर सही घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा नोंदीला प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. आधीच्या कायद्याखालीही ते लागत होतंच. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादात, निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावरून, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते पक्कं केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली, मोबाइलने पडद्यावरून टिपलेली क्लिप कोर्टात फारशी कामाची नसते. गल्लीत एखाद्याची अब्रू घालवायला मात्र ती पुरते.

पासवर्डचा विषय लोकांना कंटाळवाणा वाटतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या विषाणूने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर कारखान्यातून आलेल्या पासवर्डांनीच उघडले आणि त्यांची फौज करून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली, तपासणीच्या वेळची बायकांची चित्रफीत विकली जात असल्याचं उघड झालं. त्या बायकांवर कॅमेरा कुणी वाईट हेतूने रोखला असेलच असं नाही. सुरक्षेसाठी बसवला, चुकीच्या खोलीत बसवला, आणि किल्ली दारातच ठेवली. घरच्या किंवा सोसायटीच्या रेकॉर्डरसाठी करायचं ते फार अवघड नाही. बसवणारा गेला की त्याच दिवशी मुख्य पासवर्ड बदलायचा. 'सगळ्यांना सोपं जावं' म्हणून तोच पासवर्ड सात जणांच्या फोनमध्ये टाकायचा नाही. प्रत्येकाचं वेगळं खातं काढायचं, म्हणजे कुणी कधी काय पाहिलं याची नोंद राहते. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे बाहेरून आत यायची वाट आपोआप उघडून देणारी सोय, बंद करायचं. बाहेरून बघण्याची गरज खरोखर कुणाला आहे का, हे विचारायचं. नसेल तर रेकॉर्डर इंटरनेटला जोडायचाच नाही. सेक्रेटरी बदलला की जुनं खातं काढून टाकायचं. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळीकडे राहून जाते, आणि फ्लॅट विकून गेलेला माणूस नव्या शहरातून जुन्या सोसायटीचा जिना बघू शकतो.

मायक्रोफोनचंही तेच. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो असतो आणि आधीपासून सुरू असतो. बाकावर बसलेल्या दोन आजींचं बोलणं टिपून सोसायटीची कुठली सुरक्षा वाढते? तो बंद करावा. शेजारच्या इमारतीची खिडकी चौकटीत येत असेल तर रेकॉर्डरमध्ये प्रायव्हसी मास्क नावाची सोय असते. तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकता येतो, दोन मिनिटांचं काम. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकत्र राहणाऱ्या भावांच्या वादात स्पष्ट म्हटलं की राहत्या भागात दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. पेठांमधल्या वसतिगृहचालकांनी हे लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं. स्पर्धा परीक्षेसाठी घर सोडून आलेली मुलगी खोलीच्या दारासमोरच्या कॅमेऱ्याबद्दल तक्रार करत नाही, कारण खोली जाईल. तिच्या गप्प राहण्याला संमती समजू नये.

चेहरा ओळखणारी यंत्रणा आली की हे सगळं एका वेगळ्याच पातळीवर जातं. साधा कॅमेरा घटना घडल्यावर उघडायचा असतो, हा रोज प्रत्येकाला तपासतो. समजा एखाद्या गर्दीच्या ठिकाणाहून दिवसाला एक लाख माणसं गेली आणि यंत्र हजारात फक्त एकदा चुकलं. रोज शंभर निरपराध माणसं 'सापडली'. त्या लाखात खरे संशयित दोन असले आणि दोन्ही सापडले, तरी धोक्याच्या १०२ घंटांपैकी १०० खोट्या. आणि चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात पुष्कळ प्रणाली आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांवर गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा दहा ते शंभर पट जास्त वेळा खोटी जुळणी करताना आढळल्या. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं की ऐंशी टक्के साम्य दिसलं की ते जुळणी झाली असं धरतात. डेट्रॉइटमध्ये चुकीच्या जुळणीवरून एका निरपराध माणसाला त्याच्या मुलींसमोर अटक झाली, त्याने पोलिसांवर दावा लावला, आणि २०२४ च्या तडजोडीत पोलिसांना मान्य करावं लागलं की केवळ यंत्राने चेहरा जुळवला म्हणून अटक करायची नाही. आपल्याकडे असं बंधन मागायचं कुणाकडे?

यंत्र ज्या फोटोंशी जुळवतं ते फोटो कुणाचे आहेत, हा आणखी खोलातला प्रश्न. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. महाराष्ट्रात पारध्यांसह कित्येकांना ठाण्यात हजेरी द्यावी लागे. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की आधी त्याच पालांवर जायची सवय गेली नाही, आणि त्या सवयीतूनच जुन्या नोंदी भरल्या. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांनी घेतलेली चेहऱ्याची आणि शरीराची मापं, बुबुळांसकट, पंचाहत्तर वर्षं ठेवायला परवानगी दिली. हजेरी आता ठाण्यात जाऊन द्यावी लागणार नाही. रेल्वे स्टेशनबाहेर पडताना आपोआप लागेल.

मोजणं आणि ओळखणं यातला फरक इथे सांगायलाच हवा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा, विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर, उद्या नाशिकच्या सिंहस्थात, गर्दी कुठे दाटते आहे हे वेळेत कळणं जीव वाचवणारं आहे. त्यासाठी डोकी मोजावी लागतात, नावं लागत नाहीत. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की घंटा वाजावी आणि वाट मोकळी करावी. वारकरी कुठल्या गावचा, हे यंत्राला कळायची गरज नाही. कंत्राटाच्या कागदात ही दोन कामं वेगवेगळी लिहिली गेली नाहीत तर गर्दीसाठी आलेली यंत्रणा सणानंतरही राहते आणि तिला दुसरं काम दिलं जातं. पुणे विमानतळावर २०२३ मध्ये डिजियात्रा, म्हणजे कागदाऐवजी चेहरा दाखवून आत जाण्याची सोय, आली. ती ऐच्छिक आहे आणि ओळखपत्र दाखवून आत जाण्याची रांग आजही उपलब्ध आहे; ती रांग लहान, दूरची आणि अपमानास्पद होऊ न देणं एवढ्यावर तिचं ऐच्छिकपण टिकून आहे.

हेतू चांगला असणं पुरत नाही, हे या शहराला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १८९७ मध्ये प्लेग खरा होता, माणसं खरोखर मरत होती. रँडच्या पथकातले सोजीर घरात शिरले, स्वयंपाकघरं आणि देवघरं तपासली, बायकांना रस्त्यावर आणून पाहिलं. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्यात तरतूद होती की सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल कुणाहीविरुद्ध दावा लावता येणार नाही. रोगापेक्षा जास्त चीड न्यायाच्या त्या बंद दाराची होती. मार्च २०२० मध्ये तोच कायदा पुन्हा वापरात आला, आणि परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के उमटले.

जिथे कॅमेऱ्याची सगळ्यात जास्त गरज, तिथे तो नेमका बंद असतो. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, वऱ्हांड्यात, प्रवेशद्वाराशी कॅमेरे लावायचा आणि नोंद अठरा महिने ठेवायचा आदेश दिला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीनंतर, बंद कॅमेऱ्यांची दखल न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. मोलकरणीच्या जिन्यातला कॅमेरा चालू आणि कोठडीतला बंद, ही स्थिती मला सहन होत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत अधिकार ठरवला: कायद्याचा आधार हवा, रास्त कारण हवं, उपाय कारणाच्या प्रमाणात हवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा त्या पायावर आला, पण त्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचनेने बाहेर ठेवू शकतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. एका व्यक्तीच्या घरगुती वापराला या कायद्यातून सूट आहे. सोसायटी ही व्यक्ती नव्हे आणि जिना हे कुणाचं एकट्याचं घर नव्हे, त्यामुळे सोसायट्यांनी स्वतःला त्या सूटीत धरू नये.

कायद्याची वाट न बघता पाटी बदलता येते. मी ती अशी लिहीन:

'या इमारतीत ९ कॅमेरे आहेत: फाटक २, पार्किंग ४, जिन्याचा तळ २, गच्चीचं दार १. लिफ्टमध्ये आणि घरांच्या दारांसमोर नाहीत. आवाज टिपला जात नाही. चेहरा ओळखण्याची यंत्रणा नाही. नोंद ३० दिवसांनी पुसली जाते. ती फक्त सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांनी मिळून, वहीत कारण लिहून पाहायची. इथे राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या कुणावर फूटेजवरून आरोप झाला तर ते फूटेज आधी त्या व्यक्तीला दाखवलं जाईल. विचारणा: सेक्रेटरी, रोज संध्याकाळी ७ ते ८.'

ही पाटी कॅमेऱ्याखाली आठ फुटांवर लावू नये, तिथे ती वाचता येत नाही. फाटकाशी, वॉचमनच्या टेबलाजवळ, डोळ्यांच्या उंचीवर लावावी. खाली तेच हिंदीत लिहावं, कारण वॉचमन आणि डिलिव्हरी घेऊन येणारी पोरं पुष्कळदा बाहेरची असतात. वाचता न येणाऱ्या मावशींना कामाच्या पहिल्या दिवशी ती वाचून दाखवावी आणि पाहिल्याची वही कुठे ठेवली आहे तेही दाखवावं. दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांची संख्या पुन्हा मोजून घ्यावी. वर्षभरात एखादा वाढलेला असतोच, आणि तो कुणी लावायला सांगितला ते विचारल्यावर सभेत थोडा वेळ कुणी बोलत नाही.